क्रेडिट कार्डाचे बिल, किमान रक्कम आणि शेकडा साडेतीनचा दर

या पाठात आपण क्रेडिट कार्डावरचे व्याज नेमके कसे मोजले जाते ते पाहणार आहोत, आणि कार्डाचे कर्ज साचले असेल तर ते कोणत्या क्रमाने उतरवायचे तेही. उदाहरणासाठी गाव घेतले आहे गरौठा. मराठी वाचकाला झाशी माहीत असते, गरौठा नसते. ही झाशी जिल्ह्यातली एक तहसील. याच तहसिलीतल्या गुरसरायची जहागीर मराठी ब्राह्मण घराण्याकडे होती, एवढा आपला जुना संबंध. आजचा गरौठा म्हणजे बुंदेलखंडातला शेतीवर जगणारा भाग: रब्बीत गहू, हरभरा, वाटाणा, खरिपात उडीद, तीळ. पीक हाती येते वर्षातून एकदा किंवा दोनदा. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे गणित तिच्याशी येऊन भिडते.

एकाच नावाची दोन कार्डे

शेतकरी कुटुंबात 'क्रेडिट कार्ड' म्हटले की आधी आठवते ते किसान क्रेडिट कार्ड, बोलीत 'केसीसी'. १९९८ साली रा. वि. गुप्ता समितीच्या शिफारशीनंतर ही योजना सुरू झाली. हे खरे तर पीककर्जाचे खाते आहे. त्याची मर्यादा तुमच्या जमिनीवर आणि पिकाच्या ठरलेल्या कर्जदरावर निघते. हल्ली त्यासोबत रुपे कार्ड मिळते आणि ते एटीएममध्ये चालते, म्हणून दिसायला ते इतर कार्डांसारखेच. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राच्या व्याजसवलतीने वर्षाला ७ टक्के दर पडतो आणि मुदतीत फेडले तर आणखी ३ टक्के सुटून ४ टक्के.

दुसरे कार्ड म्हणजे आपण या पाठात ज्याबद्दल बोलतो आहोत ते, बँकेचे खरेदीचे क्रेडिट कार्ड. त्यावर जमीन लागत नाही, सातबारा लागत नाही, पगाराची पावती किंवा आयकर विवरण पुरते. त्याचा दर बँकेच्या पत्रकात महिन्याचा छापलेला असतो. अनेक कार्डांवर तो महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे वर्षाला ४२.

दोन्ही दर शेजारी ठेवा. ४०,००० रुपये वर्षभर वापरले तर केसीसीवर वेळेत फेडल्यास १,६०० रुपये व्याज. खरेदीच्या कार्डावर तेवढीच रक्कम वर्षभर राहिली तर १६,८०० रुपये, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ३,०२४. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर असतो. हा फरक फार थोड्या जणांच्या लक्षात येतो.

गावात व्याजाची भाषा टक्क्यांची नसते, शेकड्याची असते. 'शेकडा दोन', 'शेकडा तीन' म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला दोन किंवा तीन रुपये. बुंदेलखंडात हेच 'सैकड़ा' म्हणतात. शेकडा तीनने पैसे घेणारा माणूस आपण सावकाराकडून कर्ज काढले आहे हे जाणून असतो आणि त्याची झोप उडालेली असते. कार्डाचा दर शेकडा साडेतीन आहे. तरी झोप उडत नाही, कारण पहिले काही आठवडे व्याज दिसतच नाही.

बिनव्याजी दिवस आणि ते कधी जातात

प्रत्येक कार्डाला बिल निघण्याची एक तारीख असते आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख असते. समजा तुमचे बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघते आणि भरायची शेवटची तारीख २५. तुम्ही ८ जूनला पंपाची मोटर ४०,००० रुपयांना घेतली. ती खरेदी ५ जुलैच्या बिलात येईल आणि २५ जुलैपर्यंत भरायची. म्हणजे ४७ दिवस पैसे बिनव्याजी वापरायला मिळाले. २५ जुलैला पूर्ण ४०,००० भरले तर व्याज शून्य. कार्डाचा सगळा फायदा या एका वाक्यात आहे.

पण बिलावर दोन आकडे असतात. 'एकूण देय रक्कम' ४०,००० आणि त्याखाली 'किमान देय रक्कम', समजा पाच टक्क्यांनी २,०००. मोबाइलवरच्या भरणा-पानावरही हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी दिसतात. हाताशी पैसे कमी आहेत, पीक अजून शेतात आहे, म्हणून तुम्ही २,००० भरता. उशिराचा दंड लागत नाही. उरलेल्या ३८,००० वर २५ जुलैपासून व्याज लागेल असे तुम्ही धरून चालता. इथेच फसगत होते.

पूर्ण रक्कम भरली नाही तर बिनव्याजी मुदत मागे जाऊन रद्द होते. व्याज खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे ८ जूनपासून धरले जाते. हिशेब असा:

४०,००० रुपयांवर ८ जून ते २५ जुलै, ४७ दिवस, वर्षाला ४२ टक्क्यांनी: २,१६३ रुपये.
३८,००० रुपयांवर २५ जुलै ते ५ ऑगस्ट, ११ दिवस: ४८१ रुपये.
एकूण व्याज २,६४४, त्यावर जीएसटी ४७६. दोन्ही मिळून ३,१२०.

५ ऑगस्टच्या बिलात तुमच्या नावावर ४१,१२० रुपये. तुम्ही दोन हजार भरले आणि देणे मूळच्या चाळीस हजारांपेक्षा वाढले. यात बँकेने काही लपवले असे नाही. ही पद्धत 'महत्त्वाच्या अटी व शर्ती' नावाच्या कागदात उदाहरणासह छापलेली असते. तपशील बँकेगणिक थोडे बदलतात, म्हणून आपल्या कार्डाचा तो कागद एकदा तरी वाचा. निदान व्याजाच्या उदाहरणाचा परिच्छेद.

आणखी एक परिणाम लगेच होतो. मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. १० ऑगस्टला त्याच कार्डावर ६,००० चे खत घेतले तर त्यावर १० ऑगस्टपासूनच व्याज. ज्या सोयीसाठी कार्ड घेतले ती बंद झालेली असते, पण कार्ड मशीनवर पहिल्यासारखेच चालते.

किमान रक्कमच भरत राहिले तर

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ ला क्रेडिट कार्डांबाबत सर्वंकष निर्देश काढले. त्यात असे आहे की किमान रक्कम अशी ठरवावी की ती भरूनही कर्ज फुगत जाणार नाही. आणि न भरलेला दंड, शुल्क, कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावू नये. त्यामुळे पुढच्या बिलांत किमान रक्कम ठरवताना व्याज आणि कर पूर्ण धरून वर मुद्दलाचा काही भाग घेतला जातो. आपल्या उदाहरणात ५ ऑगस्टच्या बिलाची किमान रक्कम ३,१२० अधिक ३८,००० चे पाच टक्के, म्हणजे ५,०२० होईल. दोन हजारही जड गेले होते, आता पाच हजार.

तरी तुम्ही नेटाने दर महिन्याला किमान रक्कम भरत राहिलात, कार्ड पुन्हा वापरले नाही, असे धरू. मुद्दल दर महिन्याला फक्त पाच टक्क्यांनी उतरते. निम्मे व्हायला साधारण साडेतेरा महिने, आणि ३८,००० चे १,००० वर यायला सुमारे ७१ महिने लागतात. जवळजवळ सहा वर्षे. तेवढ्या काळात व्याज आणि कर मिळून सुमारे ३०,५०० रुपये जातात, पहिल्या महिन्याचे ३,१२० वेगळे. मोटर त्याआधीच एकदोनदा जळून पुन्हा भरून घ्यावी लागलेली असेल.

आता शेतीच्या उत्पन्नाकडे परत या. जूनमध्ये खरेदी केली तर खरिपाचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आधी येत नाही, आणि रब्बीसाठी ऑक्टोबरात केलेल्या खर्चाचा पैसा मार्च-एप्रिलनंतर. कार्डाची मुदत पन्नास दिवसांच्या आत संपते. मासिक पगाराच्या माणसासाठी बनवलेली ही वस्तू आहे. शाळेतले शिक्षक, कचेरीतले कारकून, रोजची विक्री असलेला किराणा दुकानदार यांना ती बसते. पिकावर जगणाऱ्याने हे कार्ड वापरायचेच असेल, तर पैसे खात्यात आधीच पडलेले असतील तेव्हाच वापरावे. बियाणे-खतासाठी पैसे हवे असतील तर केसीसीची मर्यादा वाढवून मागण्यात बँकेत दोन हेलपाटे पडले तरी चालतील, असे माझे मत आहे.

जुना कायदा आणि नवा दर

मराठी माणसाला 'दामदुपट' हा शब्द नवा नाही. मुद्दलाइतके व्याज थकले की त्यापुढे सावकाराला व्याज मागता येत नाही, असा हा जुना हिंदू कायद्यातला नियम. मुंबई इलाख्यात तो कोर्टांनी मानला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी दिलासा कायदा आला आणि न्यायाधीशांना कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासता येऊ लागला.

गरौठा ज्या जिल्ह्यात आहे तिथेही हेच घडले होते. जबर सारा, १८६८-६९ चा दुष्काळ आणि काळ्या जमिनी गिळणारे कांस गवत यांनी झाशी जिल्ह्यातले जमीनदार कर्जात बुडाले. त्यांच्यासाठी सरकारने १८८२ मध्ये झाशीपुरता कर्जबाजारी जमीनदारींचा कायदा केला. खास न्यायाधीश नेमला आणि त्याला जुने हिशेब उघडून अवाजवी व्याज कमी करण्याचा अधिकार दिला. पुढे १९०३ मध्ये बुंदेलखंडात शेतकरी जातींच्या जमिनी बिगरशेतकऱ्यांकडे जाण्यावर कायद्याने बंधने घातली.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मात्र असा न्यायाधीश नाही. बँकिंग विनियमन कायद्यात १९८४ पासून कलम २१-अ आहे: बँकेचा व्याजदर जास्त आहे एवढ्याच कारणावरून कोर्टाला व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने, पूर्ण बिल न भरणाऱ्या कार्डधारकाकडून वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारप्रथा आहे असा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो रद्द केला. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराच्या व्याजावर २०१४ च्या कायद्याने मर्यादा आहे. तो कायदा बँकांना लागू नाही. म्हणजे दामदुपट आपल्या बाजूला उभी राहील या भरवशावर राहू नका. साडेतीन टक्क्यांवर व्याजावर व्याज चढत गेले तर रक्कम वीस महिन्यांत दुप्पट होते, दंड आणि कर सोडून.

केसीसीवर होणारा परिणाम

शेतकरी कुटुंबांसाठी या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. कार्डाची किमान रक्कम शेवटच्या तारखेपासून ९० दिवसांत भरली गेली नाही तर ते खाते थकीत, म्हणजे एनपीए ठरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ही वर्गवारी साधारणपणे कर्जदारानुसार होते, खात्यानुसार नाही. कार्ड आणि केसीसी एकाच बँकेचे असतील, तर कार्डावरच्या काही हजारांच्या थकबाकीमुळे वेळेत फेडलेले पीककर्जाचे खातेही एनपीएत जाऊ शकते. मग हंगामाच्या तोंडावर खाते नवे-जुने करायला गेलात की बँक नाही म्हणते. शाखेत केसीसी घेताना सोबत 'मोफत' क्रेडिट कार्डाचा अर्ज पुढे केला जात असेल, तर हे आठवा.

न मागता आलेल्या कार्डाबाबत रिझर्व्ह बँकेचे निर्देश स्पष्ट आहेत. ३० दिवसांत तुम्ही ते चालू केले नाही तर बँकेने ओटीपीने तुमची संमती घ्यायची, आणि संमती नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत विनाशुल्क बंद करायचे. म्हणून असा ओटीपी फोनवरच्या माणसाला सांगू नका. स्वतः कार्ड बंद करायचा अर्ज दिला आणि बाकी शून्य असूनही सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा आहे.

कर्ज साचलेच असेल तर

पहिले काम म्हणजे कार्ड खिशातून काढून कपाटात ठेवणे, आणि मोबाइलमधल्या खरेदीच्या ॲपांतून त्याचा नंबर पुसणे. बाकी असताना केलेली प्रत्येक खरेदी पहिल्या दिवसापासून व्याज खाते. एका कार्डावरून रोख काढून दुसऱ्याचे बिल भरणे तर सर्वांत महाग: रोख काढल्यावर एक दिवसही बिनव्याजी मिळत नाही आणि वर रोखीचे शुल्क. ओळखीच्या दुकानदाराकडे खोटी खरेदी दाखवून, त्याला दोन-तीन टक्के देऊन रोख घेण्याचा प्रकारही अनेक गावांत चालतो. तो कार्डाच्या अटींचा भंग आहे आणि कर्ज त्याने कमी होत नाही, फक्त जागा बदलते.

मग सगळी बाकी एका कागदावर लिहा: कुणाची, किती, कोणत्या दराने. सावकाराचे, केसीसीचे, कार्डाचे, मेहुण्याचे. ज्याचा दर सर्वांत जास्त त्याला आधी जास्तीचे पैसे. बाकीच्यांना ठरलेला हप्ता. नात्यातले देणे लाजेपोटी आधी फेडले जाते आणि ४२ टक्क्यांचे तसेच राहते, असे बहुतेक घरांत होते. मेहुण्याला चार महिने थांबायला सांगणे अवघड आहे, पण स्वस्त आहे.

त्यानंतर महाग कर्ज स्वस्त कर्जात बदला. बँकेला फोन करून बाकीचे मासिक हप्ते करून मागता येतात. सोनेतारण कर्ज किंवा साधे वैयक्तिक कर्ज काढून कार्डाची बाकी एकदम फेडता येते. आकड्यांत पाहू. ४१,१२० रुपयांचे १५ टक्क्यांनी बारा हप्ते केले तर हप्ता सुमारे ३,७११ रुपये आणि वर्षाचे व्याज सुमारे ३,४१७. तोच ३,७११ चा हप्ता कार्डावरच भरत राहिलात तर पंधरा महिन्यांहून थोडे जास्त लागतात आणि व्याज-कर मिळून जवळजवळ १५,००० जातात. हप्ते करून घेताना प्रक्रिया शुल्क किती, आणि मध्येच एकदम फेडले तर दंड आहे का, एवढे विचारा. सोने ठेवायला घरात विरोध होईल; त्या वेळी हे दोन आकडे घरच्यांसमोर ठेवा.

हे झेपत नसेल तर तडजोडीचा मार्ग उरतो: बँक ठरावीक रक्कम घेऊन बाकी सोडते. पण क्रेडिट अहवालात ते खाते 'सेटल्ड' असे नोंदले जाते, 'क्लोज्ड' असे नाही, आणि पुढे कर्ज देणारा ते वाचतो. तडजोड फोनवर कधीही मानू नका. रक्कम आणि तारीख बँकेच्या पत्रावर घ्या, पैसे बँकेच्या खात्यातच भरा, वसुली करणाऱ्याच्या हातात नाही, आणि शेवटी बाकी नसल्याचा दाखला मागा. क्रेडिट माहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो; दोन-तीन महिन्यांनी तो मागवून नोंद तपासा.

वसुलीच्या माणसांबद्दल भीती असते. त्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, शेजारीपाजारी किंवा नातेवाइकांसमोर अब्रू घालवायची नाही, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. कार्डाची बाकी न भरणे हा दिवाणी मामला आहे. मात्र त्यासाठी दिलेला धनादेश न वटणे किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैशाअभावी परत जाणे यावर फौजदारी तक्रार होऊ शकते, हा फरक ध्यानात ठेवा. तक्रार आधी बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. माहितीचा फोन क्रमांक १४४४८.

पगारदार वाचकासाठी एक छोटी सोय सांगायची राहिली. बिलाची तारीख किमान एकदा बदलून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. पगार १ तारखेला होत असेल तर भरण्याची शेवटची तारीख ५ ते १० च्या दरम्यान येईल अशी ती निवडा आणि बँकेला खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप कापून घ्यायची सूचना द्या. अर्जात 'किमान रक्कम' आणि 'पूर्ण रक्कम' अशा दोन चौकटी असतात. खूण कुठे केली ते सही करण्याआधी पाहा.

सरावासाठी

बिलाची तारीख ५, भरण्याची शेवटची तारीख २५, दर वर्षाला ४२ टक्के. २० ऑक्टोबरला १५,००० ची खरेदी केली. २५ नोव्हेंबरला १४,००० भरले, १,००० बाकी ठेवले. ५ डिसेंबरच्या बिलात व्याज आणि जीएसटी किती लागेल ते वर दाखवलेल्या पद्धतीने काढा. (उत्तर: सुमारे ७४७ रुपये.) मग आपल्या मागच्या महिन्याच्या बिलावर हाच हिशेब करा.